लहान मुलांना घेऊन कळसूबाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी सुरू झाली की तेच प्रश्न फिरून फिरून येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं बारी गावातून जाणाऱ्या नेहमीच्या वाटेबद्दल आणि साधारण ४ ते १२ वर्षांच्या मुलांबद्दल आहेत.

१. कळसूबाई नेमकं किती उंच आहे आणि मुलांना प्रत्यक्षात किती चढावं लागतं?

शिखराची उंची १६४६ मीटर, म्हणजे जवळपास ५४०० फूट. महाराष्ट्रातलं हे सर्वांत उंच ठिकाण. अकोले तालुक्यातलं बारी गाव मुळातच बऱ्यापैकी उंचावर असल्यामुळे पायांना प्रत्यक्ष चढ पडतो तो साडेआठशे ते नऊशे मीटरचा. आतकरवाडीतून सिंहगड चढला असाल तर त्याच्या साधारण दीडपट धरा. गावाबाहेर ओढा आणि भातखाचरं, मग अंगावर येणारा चढ, मध्ये थोडी सपाटी, लोखंडी शिड्या, पुन्हा सपाटी, विहीर आणि शेवटची शिडी चढून गेलं की देवीचं छोटं मंदिर. वाट मळलेली आहे. चुकण्याची भीती कमी, दमण्याची जास्त.

२. कितव्या वर्षापासून न्यावं?

वयापेक्षा मुलाला सवय काय आहे ते बघा. रोज मैदानात धावणारं सात वर्षांचं मूल हा डोंगर चढतं आणि गाडीतून शाळेत जाणारं अकरा वर्षांचं मूल पहिल्याच टप्प्यावर बसकण मारतं, असं सर्रास दिसतं. तरी ढोबळ अंदाज सांगायचा तर ८ वर्षांपुढची, आधी तीन-चार टेकड्या-किल्ले केलेली मुलं शिखर गाठू शकतात. ५ ते ७ वयाच्या मुलांच्या बाबतीत पहिल्या शिडीपर्यंतचाच बेत आखा आणि पुढचं तिथे ठरवा. चारच्या आतल्या मुलांसाठी प्रश्न ७ पाहा.

३. तयारी कशी करून घ्यायची?

दोन महिने आधी सुरुवात करा. पहिले काही रविवार पर्वती, हनुमान टेकडी किंवा तुमच्या गावाजवळची कोणतीही टेकडी. त्यानंतर लोहगडासारखा पायऱ्यांचा किल्ला आणि शेवटी सिंहगड, तोही गाडीने वर न जाता आतकरवाडीतून चालत. सिंहगड चढून आणि उतरून मूल संध्याकाळी घरात नाचत असेल तर ते तयार आहे. उतरण्यावर जोर देतोय कारण बहुतेक घरांत चढण्याचा सराव होतो आणि उतरताना गाडी मागवली जाते. कळसूबाईवर मुलं रडतात ती उतारावर.

शिडीची सवयही आधीच लावा. सोसायटीच्या बागेतली किंवा शाळेच्या मैदानातली घसरगुंडीची शिडी पुरे. तोंड शिडीकडे ठेवून उतरायचं एवढं अंगवळणी पडलं की अर्धं काम झालं.

४. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये रानफुलं असतात आणि डोंगर देखणा दिसतो, पण दुपारनंतर विजांचा पाऊस येऊ शकतो (प्रश्न १३). मार्चपासून ऊन तापतं. वाटेवर सावली थोडी, आणि दुपारी शिड्यांचं लोखंड हात लावू देत नाही.

जून ते सप्टेंबर लहान मुलांना नेऊ नका. शिड्या निसरड्या, खडकावर शेवाळ, ओढ्याला पाणी, वर दहा पावलांपलीकडचं दिसणार नाही असं धुकं, आणि पावसाळी शनिवार-रविवारची तुफान गर्दी. पाऊस दाखवायचाच असेल तर भंडारदऱ्याच्या धरणाभोवती फिरवा. मुलांना तेही तेवढंच आवडतं.

५. वेळेचं गणित कसं मांडायचं?

सवयीचा मोठा माणूस तीन तासांत चढतो आणि दोन-अडीच तासांत उतरतो. सात-आठ वर्षांचं मूल बरोबर असेल तर चढायला साडेचार ते पाच तास, वर पाऊण तास आणि उतरायला साडेतीन तास धरा. एकूण नऊ तास होतात. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. म्हणजे आठला निघालात तर वाया घालवायला वेळच उरत नाही. उजाडता उजाडता, साडेसहाला गाव सोडा.

परत फिरण्याची वेळ घरातूनच ठरवून निघा. साडेअकराला जिथे असू तिथून मागे. समोर मंदिर दिसत असलं तरी हिशोब करा: मंदिर अर्ध्या तासावर असेल तर जाऊन यायला दोन तास मोडतात, कारण शेवटच्या शिडीवर रांग असते आणि वर पोचल्यावर कोणी लगेच उठत नाही. हे दोन तास शेवटी अंधारात, मुलाचे पाय लटपटत असताना, घसाऱ्यावर (सुट्या माती-खड्यांच्या निसरड्या उतारावर) फेडावे लागतात.

आदल्या रात्री बारीत किंवा भंडारदऱ्याला मुक्काम करणं उत्तम. मुंबईपासून अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. रात्री दोनला उठवून आणलेलं मूल कसाऱ्याच्या वळणांत उलटी करतं आणि पायथ्याशी पोचतं तेव्हाच ते अर्धं रिकामं झालेलं असतं. उलटी झालीच तर अर्धा तास थांबा, घोट घोट ओआरएस द्या आणि ते पोटात टिकलं तरच निघा.

६. शिड्यांवरून मुलांना कसं न्यायचं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त गांभीर्याने घ्यावा असा प्रश्न हाच.

वाटेत तीन-चार ठिकाणी शिड्या आहेत. पूर्वी तिथे साखळ्या धरून चढायचे. शिड्या भक्कम असल्या तरी त्या मोठ्यांच्या मापाने केलेल्या आहेत. पायऱ्यांमधलं अंतर लहान मुलाच्या गुडघ्यापर्यंत येतं. कठडा मोठ्यांच्या कमरेला, म्हणजे मुलाच्या डोक्याशी असतो आणि त्याच्या खाली मूल आरपार जाईल एवढी मोकळी जागा राहते. म्हणून मुलाला कठडा धरायला सांगू नका. हात समोरच्या पायरीवर किंवा शिडीच्या उभ्या पट्टीवर ठेवायला सांगा.

चढताना: एक मोठा माणूस मुलाच्या लगेच खाली राहतो, एक पायरी सोडून. त्याचे हात मुलाच्या दोन्ही बाजूंनी शिडीवर असतात, म्हणजे मूल त्याच्या कवेतच असतं. दुसरा मोठा माणूस वर पोचून थांबतो आणि मुलाला कठड्यापासून आत घेतो. मुलाला एकच नियम पाठ करून द्या: दोन हात आणि दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवायचा, बाकीचे तीन चिकटलेले.

उतरताना: मोठा माणूस आधी उतरतो आणि खालीच राहतो. मुलाचं तोंड शिडीकडे. त्याला खालची पायरी दिसत नाही, म्हणून खालच्या माणसाने त्याचा घोटा धरून पाऊल पायरीवर टेकवायचं आणि "टेकला" म्हणायचं. बसून, तोंड बाहेर करून उतरणारी मुलं खूप दिसतात. त्यात पाठीवरची सॅक मागच्या पायरीला अडकते आणि मूल पुढे ढकललं जातं. शिडीच्या आधी मुलाची सॅक काढून मोठ्यांनी घ्यावी, लोंबते पट्टे खोचावेत.

घोळ होतो तो गर्दीत. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच शिडीवर आले की कोणीतरी "बाजूच्या खडकावरून या" म्हणतं. जाऊ नका. वीस मिनिटं थांबावं लागलं तर थांबा आणि शिडी पूर्ण रिकामी करून मागा. मूल बघितलं की लोक सहसा वाट देतात.

मूल शिडीच्या मध्यावर घाबरून थिजलं तर वरून ओढू नका आणि ओरडू नका. खालच्या माणसाने अंग त्याच्या पाठीला लावून उभं राहायचं, तीन-चार मोठे श्वास घ्यायला लावायचे आणि एकेक पायरी करून खाली आणायचं. त्या दिवशी त्याच्यापुरती वाट तिथे संपली.

७. बाळाला कॅरियरमध्ये पाठीवर घेऊन गेलं तर?

पहिल्या शिडीच्या अलीकडे नेता येईल, शिड्यांवर नाही. कॅरियरमधलं बाळ मागे कलतं, वजन तुमच्या पाठीपासून दूर जातं आणि खड्या शिडीवर ते तुम्हाला मागे खेचतं. शिवाय तोल गेला तर तुम्ही बाळावर पडता.

खालच्या टप्प्यातसुद्धा दोन गोष्टी लक्षात ठेवा. तुम्ही चालून घामाघूम असता तेव्हा बाळ हालचाल न करता वाऱ्यात बसलेलं असतं, त्यामुळे त्याला तुमच्यापेक्षा एक थर जास्त लागतो. आणि लोंबकळणाऱ्या पायांना मुंग्या येतात, म्हणून दर अर्ध्या तासाने बाहेर काढून पाय हलवू द्या. स्वतःची मान नीट सावरू न शकणाऱ्या बाळाला मुळीच नेऊ नका.

८. मुलाला ओढणीने किंवा दोरीने स्वतःला बांधून घेतलं तर सुरक्षित नाही का?

नाही. ती दोरी कुठल्याही पक्क्या जागी बांधलेली नसते. मूल घसरलं तर तुमचा तोल जातो आणि तुम्ही घसरलात तर मूल फरफटत येतं. शिवाय ओढणी शिडीच्या बोल्टात अडकते. हार्नेस, दोर आणि वर पक्का आधार घेऊन बसलेला प्रशिक्षित माणूस असेल तर गोष्ट वेगळी, आणि तशी व्यवस्था करणारे गिर्यारोहक असतात. तेवढं नसेल तर प्रश्न ६ मधली पद्धतच वापरा.

९. पाणी किती न्यायचं? वर विहीर आहे ना?

सहा ते नऊ वर्षांच्या मुलामागे दीड लिटर, दहा ते बारा वर्षांच्या मुलामागे दोन, मोठ्यांमागे तीन. शिखराखाली विहीर आहे, पण ती उघडी आहे. ते पाणी गाळून, क्लोरीनची गोळी टाकून, गोळीच्या पाकिटावर लिहिलेला वेळ थांबून मगच प्या. माथ्यावर पाणी नाही. सुट्टीच्या दिवशी वाटेवर लिंबूसरबत, काकडी मिळते. आडवारी मिळेलच असं नाही.

मुलं "तहान लागली" असं वेळेवर सांगत नाहीत. दर वीस मिनिटांनी चार घोट द्या. चार-पाच तासांत शू झाली नसेल किंवा ती गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय.

ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट ढवळून देणं ही नेहमीची चूक आहे. एवढं खारट पाणी मुलाला उलट बाधतं. लहान पाकिटंही मिळतात, त्यामुळे मागे छापलेलं प्रमाण वाचा. खोक्यातली गोड फळपेयं ही ओआरएसची जागा घेत नाहीत.

१०. खाऊ काय द्यावा?

जे घरी आवडीने खातात तेच. तूप-गूळ लावलेल्या पोळीची सुरळी, दशमी, धपाटे, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, केळी. एका वेळी थोडं, दर पाऊण तासाला. पायथ्याशी भरपेट पोहे खाऊन लगेच चढ सुरू केला की पहिल्या तासात पोटात दुखतं. वेफर्सनी तहान वाढते आणि पाकिटाचा आवाज माकडांना लांबून ओळखू येतो. चारच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे, चिक्की देऊ नका. धाप लागलेली असताना दाणा घशात अडकायला वेळ लागत नाही.

उतरल्यावर बारीत घरगुती जेवण मिळतं. सकाळी निघतानाच किती माणसं ते सांगून ठेवा आणि मुलांसाठी कमी तिखट करायला सांगायला विसरू नका.

११. बूट आणि कपडे?

तळव्याला खोल खाचा असलेले बूट हवेत. शाळेचे पांढरे कॅनव्हास बूट घसाऱ्यावर सटकतात. नवे कोरे बूट आदल्या आठवड्यात आणून थेट डोंगरावर घातले तर फोड ठरलेले. किमान पंधरा दिवस वापरून घ्या. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा असावी आणि नखं कापलेली असावीत, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. उतरायच्या आधी नाड्या घोट्याशी घट्ट बांधा, म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही.

सुती टीशर्ट घामाने भिजतो आणि माथ्यावरच्या वाऱ्यात अंगावर गार होतो. एक कोरडा टीशर्ट आणि वाऱ्याचं जॅकेट सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. वर पोचल्या पोचल्या आधी कपडे बदला, मग फोटो. कपडे भडक रंगाचे घाला. खाकी आणि हिरवा रंग गवतात हरवतो.

मुलाच्या स्वतःच्या सॅकमध्ये अर्धा लिटरची बाटली, टोपी, शिट्टी आणि त्याचा खाऊ. एक किलोपुढे नको.

१२. मधेच "मला नाही यायचं" म्हणून बसलं तर?

कंटाळा आणि थकवा यांतला फरक ओळखा. कंटाळलेलं मूल बसल्या जागी दगड गोळा करतं, सरडा दिसला की उठतं. अशा वेळी खाऊ, पाणी, दहा मिनिटं आणि एखादी गोष्ट. या डोंगराची स्वतःचीच गोष्ट आहे: कळसू नावाची मुलगी पाटलाकडे कामाला राहिली ती केर-भांडी करणार नाही या अटीवर. पाहुणे आले, पाटलाने अट मोडली आणि कळसू रागावून डोंगरावर निघून गेली. घरकाम टाळणाऱ्या मुलांना ही देवी फार पटते.

थकलेलं मूल गप्प होतं, अडखळतं, सपाटीवरही पाय ओढतं, खाऊ नको म्हणतं. त्याला पुढे नेऊ नका. डोकेदुखी, उलटी, तापलेलं अंग, असंबद्ध बोलणं यांतलं काही दिसलं तर ती उष्माघाताची सुरुवात असू शकते. सावलीत न्या, कपडे सैल करा, मानेवर-काखेत ओलं फडकं ठेवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नीट नसलेल्या मुलाला पाणी पाजू नका.

दोन मुलांपैकी एकच थकलं तर? प्रत्येक मुलाबरोबर एक मोठा माणूस राहत असेल तरच दोन गट करा, पण मग वर जाणाऱ्या मुलाला शिड्यांवर दोन मोठी माणसं मिळणार का ते बघा. मिळत नसतील तर सगळेच मागे फिरा. "तू इथेच बस, आम्ही येतो" असं मुलाला कधीही सांगू नका.

१३. विजा किंवा धुकं आलं तर?

गडगडाट ऐकू आला की माथा आणि डोंगराची उघडी सोंड (खाली उतरत गेलेली धार) लगेच सोडा. लोखंडी शिड्या आणि कठड्यांजवळ थांबू नका. माथ्यावरचं छोटं मंदिर विजेपासून आसरा देत नाही. शिडी उतरणं भाग असेल आणि विजा अगदी जवळ असतील तर शिडीपासून लांब, सखल जागी, एकमेकांत अंतर ठेवून उकिडवे बसा. एकट्या झाडाखाली नको.

धुक्यात सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे मोठा माणूस, मुलं मध्ये. हरवल्यास काय करायचं ते मुलाला आधीच शिकवा: जिथे आहेस तिथेच थांब, शिट्टी तीनदा वाजव, थांब, पुन्हा तीनदा. मनगटावर पेनाने दोन मोबाइल नंबर लिहा.

१४. माकडं, कुत्री, मधमाश्या, साप यांचं काय?

माकडांसमोर पिशवी उघडू नका. हिसकलीच तर सोडून द्या. गावातली कुत्री गोडीने बरोबर येतात, त्यांना शिडीवर मुलांच्या पायांत येऊ देऊ नका. कुठलाही ओरखडा वा चावा असेल तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

कड्याला आग्या मोहोळ असू शकतं. अत्तर, परफ्यूम, धूर, दगड मारणं, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर मुलाचं डोकं-तोंड झाकून तिथून दूर पळा.

साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. चावलेला अवयव लाकडाच्या आधाराने स्थिर ठेवा, मुलाला चालवू नका, उचलून न्या आणि दवाखाना गाठा. साप मारून बरोबर नेण्याची गरज नसते.

१५. मदत कुठून मागवायची?

१०८ रुग्णवाहिका, ११२ आपत्कालीन. वाटेत रेंज येते-जाते, म्हणून पायथ्याच्या जेवणाच्या घरचा नंबर घेऊन ठेवा आणि परतीची वेळ त्यांना सांगून जा. प्रत्यक्षात सर्वांत आधी पोचतात ती बारीची माणसंच. राज्यातल्या गिर्यारोहकांचं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्याची हेल्पलाइन निघण्याआधी मोबाइलमध्ये साठवा.

१६. एवढ्या उंचीवर मुलांना ऑक्सिजन कमी पडेल का?

नाही. उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. दम्याच्या मुलांनी मात्र इनहेलर आणि स्पेसर बरोबर ठेवावा, गाडीत नव्हे, सॅकमध्ये.

१७. शू-शी कुठे?

वाटेवर सोय नाही. बारीतच आटपून घ्या. वर गरज पडलीच तर पाण्यापासून आणि वाटेपासून साठ मीटर लांब, वीतभर खड्डा करून, वर माती. वेट वाइप्स पिशवीत परत आणायचे. हे अभयारण्य आहे.

१८. नवरात्रात देवीच्या दर्शनाला मुलांना न्यावं का?

नवरात्रात वर यात्रा असते आणि परिसरातले भाविक मोठ्या संख्येने चढतात. शिड्यांवर तासन् तास रांग लागते. आजी-आजोबांचा नवस असेल तर तो पायथ्याच्या कळसूबाईच्या मंदिरात फेडा, मुलांना नंतर साध्या वारी आणा.

१९. रात्रीचा ट्रेक करून सूर्योदय दाखवला तर? किंवा इंदोऱ्याच्या वाटेने?

दोन्हींना नाही. रात्री मुलं झोपेत चालतात आणि शिडीवर खालचा माणूस मुलाचं पाऊल नीट पाहू शकत नाही. इंदोरे गावाकडची वाट अवघड, अनुभवी माणसांची आहे.

२०. ट्रेक काढणाऱ्या ग्रुपबरोबर पाठवायचं तर काय विचारावं?

एका लीडरमागे किती मुलं (लहानांसाठी चार-पाचच्या वर नको), शिडीवर खाली आणि वर कोण उभं राहणार, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाला आहे, परत फिरण्याची वेळ किती आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का. "आम्ही सगळ्यांना वर नेतोच" हे उत्तर मिळालं तर दुसरा ग्रुप शोधा.

२१. दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवावं का?

मांड्या आणि पोटऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात. दोन्ही पाय सारखे दुखत असतील तर कोमट पाण्याची आंघोळ, थोडं चालणं आणि शाळा. एकच गुडघा किंवा घोटा दुखतोय, सुजलाय किंवा मूल लंगडतंय, तर डॉक्टर. शनिवारी चढून रविवार हाताशी ठेवणं सोयीचं वाटतं, पण शनिवारी गर्दी असते. जमल्यास शुक्रवारची रजा टाका, शिड्या रिकाम्या मिळतील.